तक्ता भरला, पण जुळलं का? एका गणित-ॲपची राष्ट्रीय आराखड्याशी पडलेली गाठ

पार्श्वभूमी

ही गोष्ट एका छोट्या शैक्षणिक स्टार्टअपची आहे. कंपनीचं नाव, तालुका, पैसे देणारी संस्था हे सगळं मुद्दाम झाकलं आहे. मी तिथे अभ्यासक्रमाचं काम पाहत होते, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या बऱ्याचशा माझ्याच खात्यावर आहेत.

कंपनी सुरू झाली २०२१ मध्ये, शाळा बंद असताना. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गणिताचं ॲप, भाषा इंग्रजी, गिऱ्हाईक म्हणजे शहरातले आईवडील. मग शाळा उघडल्या, आईवडिलांनी मुलांच्या हातातले मोबाइल काढून घेतले आणि वर्गणी आटली. आता शाळांकडेच जायला हवं, असं ठरलं. २०२३ मध्ये आम्ही अख्ख्या ॲपचं मराठी भाषांतर करून घेतलं आणि स्टुडिओत बसून चार दिवसांत आवाज भरला. त्या चार दिवसांचा हिशेब पुढे वर्षभर चुकता करावा लागला, तो नंतर येईलच.

२०२४ च्या सुरुवातीला एका कारखान्याच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागाकडून विचारणा आली. एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटातल्या, नऊ जिल्हा परिषद शाळांना टॅब द्यायचे होते आणि त्यात आमचं ॲप टाकायची त्यांची तयारी होती. पत्रात अट एकच: ॲप निपुण भारत आणि राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याशी सुसंगत असावं, आणि तसा तक्ता सोबत जोडावा. मुदत सहा आठवडे.

‘राष्ट्रीय मानक’ म्हटलं की एक जाडजूड पुस्तक असेल, ते उघडायचं आणि आपल्या धड्यांसमोर खुणा करायच्या, असं आम्हाला वाटत होतं. प्रत्यक्षात एकावर एक ठेवलेले कागद निघाले. सगळ्यात वर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, ज्यात तीन ते आठ वयाचा ‘पायाभूत स्तर’ आला, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. त्याखाली ५ जुलै २०२१ ला सुरू झालेलं निपुण भारत अभियान, ज्याचं उद्दिष्ट आहे २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि संख्याज्ञान असावं. मग ऑक्टोबर २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि ऑगस्ट २०२३ चा शालेय शिक्षणाचा आराखडा. शिवाय एनसीईआरटी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २०१७ च्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं त्याची यादी, ज्या राज्याच्या पुस्तकांत संकेतांकासह छापलेल्या असतात. आणि या सगळ्याच्या तळाशी, शिक्षकाच्या हातात खरोखर असणारी एकच वस्तू: बालभारतीचं पाठ्यपुस्तक.

अडचण

पहिला तक्ता दोन इंटर्ननी चार दिवसांत केला. पद्धत सोपी होती. आराखड्यातल्या क्षमतेत, म्हणजे मुलाला काय करता यायला हवं ते सांगणाऱ्या वाक्यात, ‘वजन’ शब्द दिसला की आमच्या प्रश्नपेढीत ‘वजन’ शोधायचं, आणि सापडलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्या क्षमतेचा टॅग लावायचा. एकही चौकट रिकामी राहिली नाही. संस्थापक खूश, मीही खूश. मी तो तक्ता वाचला होता, पण हिशेबनीस खातेवही चाळतो तसा: बेरीज लागते ना, एवढंच बघितलं.

तक्ता पाठवण्याआधी केंद्रप्रमुखांना भेटावं म्हणून गेलो. त्या दिवशी केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे तिथल्या शिक्षकांची मासिक बैठक, एका शाळेत होती. सर म्हणाले, “अर्धा तास देतो, दाखवा काय ते.” मी टॅब काढला आणि मोजमापाचा भाग उघडला. दुसरीच्या वर्गावर बरीच वर्षं काढलेल्या एका गुरुजींनी टॅब हातात घेतला. स्वतः न बघता त्यांनी तो दारात घुटमळणाऱ्या एका मुलापुढे धरला.

प्रश्न होता: ‘जड काय?’ एका बाजूला फुगा, दुसऱ्या बाजूला दगड. चित्रकाराने फुगा ऐटीत मोठा काढला होता, दगड कोपऱ्यात छोटासा. मुलाने फुग्यावर बोट ठेवलं. ॲपने लाल फुली दाखवली.

गुरुजींनी टेबलावरचा डस्टर आणि एक पाटी उचलून मुलाच्या दोन हातांत दिली. “आता सांग, जड काय?” मुलाने हात जरा वरखाली केले आणि म्हणाला, “पाटी.”

“मॅडम, पोराला वजन कळतंय की,” गुरुजी म्हणाले. “तुमच्या टॅबला ते कळायचं नाही, एवढंच.”

त्या प्रश्नावर आम्ही टॅग लावला होता पायाभूत स्तराच्या आराखड्यातल्या सी-८.९ या क्षमतेचा. त्या क्षमतेत काय म्हटलंय? आजूबाजूच्या वस्तूंची लांबी, वजन, आकारमान मोजण्यासाठी मूल योग्य साधन आणि एकक *निवडतं* आणि *मोजतं*. सगळा जीव त्या दोन क्रियापदांत आहे. आमच्या मुलाला निवडायचं काहीच नव्हतं आणि मोजायचं तर त्याहून नव्हतं. त्याला एका चित्रावर बोट ठेवायचं होतं, आणि चित्रंही फसवी.

परतीच्या गाडीत मी तक्ता पुन्हा उघडला आणि प्रत्येक टॅगसमोर दोन प्रश्न लिहिले. मुलाने बरोबर उत्तर दिलं तर नेमकं काय सिद्ध होतं? आणि ती क्षमता नसतानाही बरोबर उत्तर येऊ शकतं का, किंवा असूनही चुकू शकतं का? मोजमाप, वेळ, नाणी-नोटा या तिन्ही भागांतले जवळजवळ सगळे टॅग घरी पोहोचेपर्यंत गळाले. संख्यांचा भाग बराचसा टिकला, असं तेव्हा तरी वाटलं.

आता अडचण अशी होती की ‘पूर्ण सुसंगत’ असं संस्थापक त्या कारखान्याला फोनवर आधीच बोलून बसला होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे तोच तक्ता पाठवणं. आमच्या सात जणांतल्या निदान तिघांचं हेच मत होतं, आणि ते लबाड नव्हते. त्यांचं म्हणणं, बाजारात सगळे हेच करतात, पैसे देणारे तक्त्याचं शेवटचं पान तेवढं बघतात, आधी शाळेत शिरू मग सुधारू. यातली पहिली दोन विधानं बरोबरच होती.

दुसरा पर्याय, आराखडा वरून खाली वाचत अख्खं ॲप नव्याने बांधणं. ऐकायला हे सर्वांत प्रामाणिक वाटतं. पण त्याला वर्षभर लागलं असतं आणि आमच्याकडे सात महिन्यांचे पगार होते. शिवाय यात एक गृहीतक दडलेलं होतं, की आराखड्यातली प्रत्येक गोष्ट पडद्यावर आणता येतेच. पाटी-डस्टरचा प्रसंग बघितल्यावर माझा त्यावर विश्वास उरला नव्हता.

तिसरा पर्याय मी मांडला. दावा आखडता घ्यायचा. प्रत्येक क्षमतेसमोर तीनपैकी एक शेरा लिहायचा: ‘ॲपमध्ये दिसते’, ‘अंशतः दिसते’, ‘ॲपमध्ये दिसू शकत नाही’. जी दिसू शकत नाही तिच्यासाठी शिक्षकाला छापील कृतिपत्र द्यायचं: वर्गातल्या वस्तू घ्या, असं करून घ्या, हे बघा. म्हणजे मोजमाप मुलाच्या हातात आणि संख्यांचा सराव टॅबवर.

संस्थापकाला ‘दिसू शकत नाही’ हे शब्द मान्य नव्हते. “आपण आपल्याच मालावर ‘यात हे नाही’ असं छापायचं?” दोन दिवस वाद चालला. शेवटी त्याला माझं म्हणणं पटलं ते तत्त्वासाठी नाही. केंद्रप्रमुखांनी तो फुगा बघितला होता, आणि कारखान्याचे लोक त्यांनाच विचारणार होते.

काय केलं

*दोन राष्ट्रीय कागद, दोन आकडे*

पहिला खरा पेच संख्यांच्या मर्यादेवर आला. निपुण भारतच्या लक्ष्यांत दुसरीच्या मुलाने ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात आणि ९९ पर्यंतची वजाबाकी करावी असं आहे. पायाभूत स्तराचा आराखडाही दुसरीलाच संपतो, पण त्याच्या क्षमता मोजणी, क्रम आणि स्थानिक किंमत यांसाठी ९९ वर थांबतात. एक अभियान, एक आराखडा, दोन्ही केंद्र सरकारचेच, आणि शिक्षक विचारतो, “नक्की कुठवर न्यायचं?” त्यात निपुणची रेघ तिसरीपर्यंत जाते, तर आराखड्याच्या हिशेबाने तिसरीचं मूल पुढच्या, म्हणजे पूर्वतयारी स्तरात गेलेलं असतं.

सुरुवातीला आम्ही मोठा आकडा धरला. ९९९ धरलं की ९९ त्यात येतंच, असा साधा विचार. पण मग शिक्षकाच्या अहवालात दुसरीचं जे मूल शंभराच्या आत पक्कं आहे तेही ‘अपूर्ण’ दिसायला लागलं. आराखड्याचा रोख तर उलटा आहे: दोन अंकी संख्या फोडून-जोडून, लवचिकपणे बेरीज-वजाबाकी करता यावी. तिथे खोली हवी आहे, लांबी नाही.

शेवटी तिन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. क्रम पाठ्यपुस्तकाचा, कारण वर्गात सप्टेंबरमध्ये काय चाललंय हे पुस्तकच ठरवतं. मुलाबद्दलचा निष्कर्ष आराखड्याच्या क्षमतेवर. आणि निपुणचा टप्पा ही वेगळी ओळ, जी केंद्रप्रमुखांच्या अहवालासाठी शेवटी येते. तांत्रिक बाजूने याचा अर्थ असा की एका प्रश्नाला एकच टॅग ही रचना मोडावी लागली. आता प्रत्येक टॅगसोबत तो कोणत्या कागदातला आणि कोणत्या वर्षाचा, हेही साठवतो. हे काम कंटाळवाणं होतं आणि आमच्या प्रोग्रामरने त्यासाठी मला बरंच ऐकवलं. पण या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय कोणता असं विचारलंत तर मी हाच सांगेन, आणि त्यात शहाणपणापेक्षा नाइलाज जास्त होता.

*त्रेसष्ट*

संख्यांचा भाग टिकला असं मी वर म्हटलं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि तेही पोकळ निघालं.

ॲपमध्ये ‘ऐका आणि लिहा’ नावाचा खेळ होता. आवाज येतो, मूल अंक टाइप करतं. इंग्रजीत हा खेळ उत्तम चालला होता. टॅग स्थानिक किंमतीचा, सी-८.५. पहिल्या महिन्याच्या अहवालात पाचही शाळांमध्ये ही क्षमता लालभडक. (नऊच्या पाच कशा झाल्या ते पुढे सांगते.) मी एका द्विशिक्षकी शाळेत जाऊन बसले. दुसरीतली एक मुलगी खेळत होती. आवाज आला, “त्रेसष्ट.” तिने क्षणभर ओठ हलवले आणि ३६ लिहिलं. लाल फुली.

बाईंकडे काड्यांचे गठ्ठे होते. मी तिला म्हटलं, “त्रेसष्ट काड्या दे बरं.” तिने दहा-दहाचे सहा गठ्ठे मोजून ठेवले, मग तीन सुट्या काड्या. एकदाही अडखळली नाही.

म्हणजे तिची स्थानिक किंमत पक्की होती. चुकत होतं ते वेगळंच. आपल्या भाषेत एकक आधी बोललं जातं: त्रे-सष्ट, तीन आणि साठ. लिहिताना मात्र सहा आधी. मूल कानाने ऐकतं त्या क्रमाने लिहितं. एकोणऐंशीला तर आणखी कसरत: तोंडात ऐंशी आहे, लिहायचं सात-नऊ, आणि मधे वजाबाकी. त्यावर बरीच मुलं ८१ लिहीत होती, कारण एकोणऐंशी आणि एक्क्याऐंशी त्यांच्या कानाला सख्खी भावंडं. इंग्रजी प्रश्न स्थानिक किंमत बघत होता. त्याचं शब्दशः भाषांतर मराठी संख्यानामांची परीक्षा घेत होतं, आणि टॅग मात्र तोच चिकटलेला.

मराठी वाचकाला इथे २०१९ चा वाद आठवेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत दिली गेली आणि तो विषय विधानसभेपर्यंत गाजला. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या गणित समितीचं म्हणणं नेमकं हेच होतं: बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा, त्यात जोडाक्षरांचा भार, आणि मुलं तिथे अडखळतात. तेव्हा मीही त्यावरचे विनोद पुढे ढकलले होते. त्या मुलीच्या सहा गठ्ठ्यांपुढे बसून मला त्याची चांगलीच लाज वाटली.

खेळ आम्ही तीन तुकड्यांत फोडला. नाव ऐकून चित्रातले गठ्ठे निवडणं, अंक बघून गठ्ठे मांडणं, आणि नाव ऐकून अंक लिहिणं. स्थानिक किंमतीचा टॅग दुसऱ्या तुकड्यालाच ठेवला. आवाजाचं चिन्ह पुन्हा दाबलं की ‘साठ तीन’ असंही ऐकू यावं अशी सोय केली. मूल अंक उलटे लिहितं तेव्हा अहवालात लाल खूण न देता ‘क्रम उलटला’ असं वेगळं दाखवलं. त्यासाठी स्टुडिओत पुन्हा जावं लागलं. त्या आधीच्या चार दिवसांपेक्षा हे महाग पडलं.

जाता जाता: टाइप करायचा कीपॅडही इंग्रजी अंकांचा होता. पुस्तकात देवनागरी अंक, फळ्यावर देवनागरी अंक, टॅबवर 1-2-3. ही चूक बघायला आराखडा वाचायची गरजच नव्हती, कुठल्याही वर्गात दहा मिनिटं बसलो असतो तरी दिसली असती.

*परीक्षा नको, पण नोंद हवी*

पायाभूत स्तरात चाचण्या-परीक्षा हे मूल्यमापनाचं साधन असू नये, मुलाचं निरीक्षण आणि त्याने केलेलं काम यांवरून शिक्षकाने अंदाज घ्यावा, असं आराखडा स्पष्टपणे सांगतो. आमचं ॲप दर शनिवारी ‘साप्ताहिक चाचणी’ घ्यायचं आणि तारे द्यायचं. ती चाचणी काढून टाकली. त्याऐवजी कृतिपत्रासोबत शिक्षकाने नोंद करायची एक जागा दिली: मुलाने केलं, मदतीने केलं, अजून नाही.

कल्पना कागदावर छान होती. दोन आठवड्यांत नोंदी थांबल्या. बाई म्हणाल्या, “आधीच किती ॲपमध्ये माहिती भरायची असते तुम्हाला माहितीये का? शिकवू कधी?” बरोबरच होतं त्यांचं. एक आणखी रकाना म्हणजे एक आणखी ओझं. मग रोजची नोंद काढून महिन्याला एकदा, शिक्षण परिषदेच्या आधी, वर्गातल्या पाच मुलांपुरती केली. तेवढी होऊ लागली. मुलांच्या कामाचे फोटो घ्यायची सूचना कोणीतरी केली होती, ती मीच नाकारली. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, आणि आमच्याकडे ती घ्यायची नीट व्यवस्था नव्हती. म्हणून नावंसुद्धा काढली आणि हजेरी क्रमांक ठेवले.

*डिसेंबरचा मोह*

सप्टेंबरमध्ये वेगळंच वारं सुटलं. ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीचं परख राष्ट्रीय सर्वेक्षण होतं. केंद्रप्रमुखांवर वरून दबाव, त्यांचा आमच्यावर. “तिसरीसाठी सरावाचं काहीतरी द्या.”

चाचण्या काढून टाकल्याला तीन महिनेही झाले नव्हते. नाही म्हणावं, तर ज्यांच्या भरवशावर शाळेत शिरलो त्यांनाच दुखावलं. हो म्हणावं, तर तीन महिने काय केलं? सर्वेक्षण ही मुलाची परीक्षा नाही, व्यवस्थेची आहे. पण शाळेत ते परीक्षेसारखंच उतरतं.

आम्ही हो म्हटलं. तिसरीपुरता सराव संच, पंधरा दिवसांत. मनाची समजूत अशी घातली की तिसरी पायाभूत स्तराबाहेर आहे, म्हणजे आराखडा मोडत नाही. अक्षरशः खरं होतं ते. वर्षअखेरीस वापराचे आकडे पाहिले तेव्हा अख्ख्या ॲपमध्ये सर्वांत जास्त उघडला गेलेला भाग तोच निघाला.

निष्पत्ती

तीन शेऱ्यांचा तक्ता मार्चमध्येच पाठवला होता. कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी एक फोन केला, एक बैठक घेतली, आणि नऊऐवजी पाच शाळांना मंजुरी दिली. ‘पूर्ण सुसंगत’ म्हणणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीला उरलेल्या चार मिळाल्या. पाच शाळांचे पैसे आमच्या पगारांना पुरत नव्हते. संस्थापकाने तीन महिने स्वतःचा पगार घेतला नाही, आणि त्या काळात आमचं बोलणं कामापुरतंच होतं.

कृतिपत्रं अपेक्षेपेक्षा चालली. दोन शाळांमध्ये तर टॅब कपाटात आणि कृतिपत्रं वर्गात अशी स्थिती झाली. चार्जिंगची बोंब हे एक कारण. दुसरं असं की द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र बसते, आणि एका कृतिपत्रात दोन्ही इयत्ता सामावतात. आराखडा इयत्तेऐवजी स्तराच्या भाषेत बोलतो याचा खरा फायदा इथे झाला, आणि आम्ही तो ठरवून घेतलेला नव्हता.

तुलनेसाठी दुसऱ्या शाळा घेतल्या नव्हत्या, म्हणून अखेरच्या अहवालात ‘सुधारणा’ हा शब्द वापरला नाही. किती मुलं ‘क्रम उलटला’मधून बाहेर आली, कोणत्या शाळेत कोणतं कृतिपत्र किती वेळा झालं, एवढंच लिहिलं. अधिकाऱ्यांना अहवाल फिका वाटला. केंद्रप्रमुखांनी मात्र ‘क्रम उलटला’चं पान शिक्षण परिषदेत वाचून दाखवलं आणि त्यावर पाऊण तास चर्चा झाली. मूल चुकतं म्हणजे कुठे चुकतं, यावर त्या खोलीत प्रत्येकाकडे दोन-तीन गोष्टी होत्या. त्यातल्या अर्ध्या आधी ऐकल्या असत्या तर आमचे बरेच पैसे वाचले असते.

आता पुन्हा करायचं झालं तर

तक्ता शेवटी करेन. आधी तीन वर्गांत आठवडाभर बसेन, मग पाठ्यपुस्तक, मग आराखडा. आम्ही नेमकं उलट गेलो, कारण अट तक्त्याची होती आणि मुदत सहा आठवड्यांची.

टॅग लावायचं काम इंटर्नना देणार नाही. त्यांची चूक नव्हती, त्यांनी सांगितलेलं चोख केलं. पण क्षमतेच्या वाक्यातलं क्रियापद वाचायला वर्गात उभं राहिलेला माणूस लागतो. एका निवृत्त शिक्षिकेला दिवसाच्या मानधनावर बसवलं असतं तर फुगा-दगड पहिल्याच तासात बाहेर गेला असता.

भाषांतराच्या आधी प्रत्येक प्रश्नाला विचारेन, की मराठीत गेल्यावर हा तोच प्रश्न राहतो का. संख्यानामं हे ढळढळीत उदाहरण झालं. शाब्दिक उदाहरणांतल्या ‘पेक्षा जास्त’, ‘ने कमी’ या शब्दरचनांतही असेच खड्डे आहेत, आणि त्यांपर्यंत आम्ही अजून पोहोचलेलो नाही.

सराव संचाबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या वर्षी त्या केंद्रात पाऊल ठेवता आलं नसतं, हे मला माहीत आहे. पण निदान त्या संचातल्या चुकांचा अहवाल तरी ‘क्रम उलटला’सारखा कारण सांगणारा करायला हवा होता. आम्ही नुसते गुण दाखवले. पंधरा दिवसांत तेवढंच जमलं.

आणि कारखान्याला दिलेल्या पत्रात एक ओळ टाकेन: हा तक्ता अमुक कागदांच्या अमुक आवृत्तीवर आधारलेला आहे आणि कागद बदलले की तक्ता बदलेल, त्याचा खर्च वेगळा. ही ओळ नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये राज्याचा शासन निर्णय आला: नवा अभ्यासक्रम २०२५-२६ ला पहिलीपासून, २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी. म्हणजे एक वर्ष असं की एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर बसलेल्या पहिलीच्या हातात नवं पुस्तक आणि दुसरीच्या हातात जुनं. टॅगसोबत कागदाचं वर्ष साठवलेलं असल्यामुळे आमच्या प्रोग्रामरला पहिलीचा क्रम बदलायला नऊ दिवस लागले. कृतिपत्रांवर मात्र जुन्या पुस्तकाचे पृष्ठ क्रमांक छापलेले होते. ती सगळी रद्दीत गेली, आणि नव्या छपाईचे पैसे कोणी द्यायचे यावर कारखान्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे.